उघड्यावरची निळी हॅचबॅक: रंगावर काय लावलं, काय टाळलं आणि का

गाडी २०१९ची, गडद निळी मेटॅलिक हॅचबॅक. जागा पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूची एक जुनी सोसायटी. इमारतीखालच्या पार्किंगच्या जागा आधीच्या सभासदांकडे, त्यामुळे ही गाडी कुंपणाच्या भिंतीला लागून उघड्यावर उभी. डोक्यावर आंब्याची फांदी. सकाळी दहापर्यंत इमारतीची सावली, मग साडेचारपर्यंत थेट ऊन. धुण्याला बोअरचं पाणी. रोज सकाळी साडेसहाला एक मामा येतात आणि एका बादलीत, एका फडक्याने सात-आठ गाड्या पुसून जातात. गाडीला चार वर्षं झाली होती आणि मालकाचा प्रश्न सरळ होता: पाच वर्षं टिकणारं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा पातळ कडक थर, करून घ्यावं का?

उत्तर ‘सध्या नको’ असं निघालं. पण त्या उत्तराचं कारण बाटलीत नाही, बादलीत सापडलं.

आधी रंग मोजला

नव्या गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चकाकी, खोली, उन्हापासून बचाव हे सगळं ज्यावर अवलंबून आहे तो थर केसाहून पातळ. रबिंग-पॉलिश केलं की यातलाच भाग घासून जातो आणि तो परत येत नाही.

जाडी मोजायच्या मीटरवर बॉनेट ११२ ते ११८, टप १०९ ते ११४, उजवे दरवाजे ११५च्या आसपास. डावा पुढचा दरवाजा मात्र २१० दाखवत होता: कधीतरी घासला गेलेला आणि बाहेर पुन्हा रंगवलेला. याच्या दुप्पट आकडा आला असता तर आत पुट्टी आहे असं धरलं असतं. बंपर प्लॅस्टिकचे, हा मीटर धातूवरच चालतो, त्यामुळे तिथे आकडा मिळत नाही. बंपरवर पॉलिश करताना हात आखडता घ्यायचा तो एवढ्यासाठीच.

टपाचा आकडा बॉनेटपेक्षा कमी होता. कारखान्यातच थोडा फरक असू शकतो किंवा कुणीतरी आधी टप जोरात घासला असेल. काहीही असो, टपावर जाड कंपाउंड (रंग घासून काढणारी खरखरीत पेस्ट) चालवायचं नाही हे तिथेच ठरलं.

मग हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून धुतलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवली. पिशवीमुळे बारीक खडबड लगेच कळते. दरवाजे बरे होते. टप, बॉनेट आणि मागचं झाकण पॉलिश पेपरसारखं. टॉर्चच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोलाकार रेषा, बॉनेटवर पांढुरके गोल डाग, टपावर पक्ष्यांच्या विष्ठेच्या दोन जुन्या खुणा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. उघड्यावरची गाडी म्हणजे एका गाडीत दोन गाड्या. टप, बॉनेट, झाकण हे आडवे भाग. ऊन, विष्ठा, धूळ, साचलेलं पाणी सगळं त्यांच्या वाट्याला. दरवाजे आणि फेंडर उभे. त्यांच्यावरून पाणी आपोआप ओघळतं आणि ऊन तिरकं पडतं. दोन्हींना एकच वेळापत्रक लावलं की एकतर दरवाजांवर माल वाया जातो किंवा टप उपाशी राहतो.

मग पाणी

दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. बोअरचं पाणी ७८०, नळाला येणारं महापालिकेचं पाणी शंभराच्या आत, घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी नळाच्या पाण्याच्या बरंच वर, एसीच्या नळीतून ठिबकलेलं वीसच्या आत.

दख्खनच्या बसाल्टातून आलेलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ७८० म्हणजे लिटरमागे सुमारे ७८० मिलिग्रॅम. धुतल्यावर अर्धा लिटर पाणी गाडीच्या अंगावरच वाळलं तर ०.४ ग्रॅमच्या आसपास क्षार मागे राहतात. रोजच्या ओल्या फडक्याने ते पसरतात, दुपारच्या उन्हात भाजले जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच फडकं त्यांच्यावरून फिरतं.

आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा, असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पाणीबचत म्हणून हेतू चांगला, पण त्या पाण्यात घरातल्या पाण्याचे क्षार एकवटलेले असतात. फरशीला किंवा पायदानाला चालेल, रंगावर शेवटचा हात म्हणून कधीच नको. एसीचं पाणी मात्र हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ बादलीत गोळा करून, कापडातून गाळून शेवटी ओतायला ते उत्तम.

सिरॅमिक कोटिंगवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि जाहिरातीत तेच दाखवतात. मऊ पाण्याच्या गावात ते शोभतं. जड पाणी आणि दुपारचं ऊन असेल तर तोच प्रत्येक थेंब जागच्या जागी आटतो आणि मागे क्षारांचं कडं सोडतो. पाणी चादरीसारखं सरकून जाणारा थर अशा गाडीला जास्त सोयीचा, दिसायला तो कितीही फिका वाटो.

पर्याय एकेक करून

रंगावर लावायच्या कुठल्याही पातळ थराकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधी ठरवावं लागतं. ‘उन्हापासून संरक्षण’ हे जवळजवळ प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं. मायक्रॉनभर जाडीच्या थरात अतिनील किरण शोषणारं द्रव्य बसून बसणार किती? ते काम चाळीस मायक्रॉनच्या क्लिअर कोटमध्ये मिसळलेली द्रव्यं करतात. वरच्या थराची खरी कामं दोन. घाण चिकटू न देणं, म्हणजे पुसताना जोर लावावा लागत नाही. आणि विष्ठा, चिकटा, क्षार यांनी क्लिअर कोट गाठण्याआधी काही तास मिळवून देणं. थोडक्यात, हा बळी जाणारा थर. तो झिजणार हे गृहीत धरून, परत लावायला सोपा कोणता हे पाहायचं.

कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं आणि साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. पण डब्यात नुसतं कार्नोबा नसतं. तेलं, द्रावकं आणि मऊ मेणंही असतात. एप्रिलच्या दुपारी गडद निळा टप सत्तर अंशांच्या घरात सहज जातो. गडद रंगावर मेणासारखी खोली दुसरं काही देत नाही हे खरं, पण या टपावर ते सहा-आठ आठवड्यांपुढे जात नाही. रविवारी मेण लावणं ज्याला आवडतं त्याच्यासाठी ठीक. हा मालक त्यातला नव्हता.

‘टेफ्लॉन कोटिंग’ नावाने जे विकलं जातं ते वेगळं प्रकरण. ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो तो पदार्थ ३२७ अंशांना वितळतो आणि तव्यावर बसवताना त्याहून जास्त तापवावा लागतो. गाडीच्या रंगावर ते शक्य नाही. म्हणजे नावाने टेफ्लॉन असलेलं हे बहुतेक वेळा सीलंट (मेणाच्या जागी लावायचा कृत्रिम थर) किंवा भराव-पॉलिश असतं, आणि भरावामुळे ओरखडे दोन महिने झाकले जातात. नेमकं काय लावलं हे बाटली न दाखवता करून दिलं जात असेल तर पैसे देऊ नयेत.

सिरॅमिक कोटिंग हे सिलिकावर आधारलेलं द्रव. हवेतल्या बाष्पाशी संयोग पावून कडक होतं आणि रंगाला घट्ट धरून बसतं. चांगलं लावलेलं आणि नीट धुतलं जाणारं कोटिंग दोन-तीन वर्षं सहज काढतं. ‘९एच’ हा आकडा ऐकून लोक हिऱ्याच्या जवळपास काहीतरी समजतात. तो पेन्सिलीच्या कडकपणाचा मोजमापाचा आकडा आहे. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. थर एक-दोन मायक्रॉनचा. बादलीतल्या फडक्यात अडकलेला वाळूचा कण त्याला जुमानत नाही.

या गाडीबाबत अडचणी तीन होत्या. कोटिंगआधी रंग पूर्ण पॉलिश करावा लागतो, कारण खालचे डाग कोटिंगखाली कायमचे गाडले जातात. आणि टपाची जाडी पाहता एवढ्यात मोठं पॉलिश नको होतं. लावल्यावर पहिला दिवसभर पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर धुणं नको, तर जागा उघड्यावर, झाडाखाली. तिसरी अडचण म्हणजे रोजचं पुसणं. वीस-पंचवीस हजार खर्चून जो थर बसवायचा, तो क्षारांच्या चिखलाने रोज घासायचा. कोटिंग मरत नाही, पण त्याच्यावर क्षारांची परत बसते आणि तीन महिन्यांत मालक म्हणतो, ‘फसवलं’.

ग्राफीन नावाची कोटिंगंही याच जातीची. वरच्या तिन्ही अडचणी त्यांनाही लागू.

पीपीएफ म्हणजे दीडशे ते दोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म. दगडाचे टोचे आणि ओरखडे खऱ्या अर्थाने अडवणारी हीच एक गोष्ट. पूर्ण गाडीला लावायचा खर्च चार वर्षांच्या हॅचबॅकला पेलणारा नाही, आणि स्वस्त फिल्म उन्हात पिवळी पडते. पण दरवाजांच्या हँडलमागच्या वाट्या आणि दरवाजांच्या कडा एवढ्याच लावायला हरकत नाही. नखांचे ओरखडे आणि शेजारच्या भिंतीचे टोचे तिथेच येतात.

कव्हर? बंद गॅरेजमध्ये गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चांगलं. रोज काढायचं-घालायचं असेल तर धुळीच्या गाडीवर कव्हर ओढणं म्हणजे मोठं फडकं फिरवणंच. वाऱ्याने फडफडताना आरशाभोवती आणि टपाच्या कडेला रंग घासतो, पावसात आत ओल धरून राहते. बाद.

उरले दोन: पॉलिमरचं द्रव सीलंट आणि सिलिकाचं स्प्रे सीलंट. पहिलं नीट तयारी करून लावलं तर उभ्या भागांवर पाच-सहा महिने, आडव्यांवर त्याच्या निम्म्याच्या जरा वर. दुसरं दीड-दोन महिने, पण दहा मिनिटांत होतं. म्हणून संपूर्ण गाडीवर द्रव सीलंटचे दोन हात आणि फक्त आडव्या भागांवर दर सहा आठवड्यांनी स्प्रे, असं ठरलं. पॉलिमरवर सिलिकाचा स्प्रे चालतो. उलट क्रम टाळावा. ताज्या सिलिकाच्या निसरड्या थरावर पॉलिमर नीट धरत नाही.

मुहूर्त

दसऱ्यानंतरचा आठवडा निवडला. पाऊस गेलेला, धूळ अजून उठलेली नाही, ऊन मवाळ. शिवाय दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. हळद-कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढलं की हळदीचा पिवळेपणा रंगावर काही दिवस दिसतो (उन्हाने तो उडतो, घासायची गरज नसते), आणि झेंडूच्या हाराची तार वाऱ्याने हलून ग्रिलच्या वर बारीक चरे पाडते. स्वस्तिक काचेवर, हार दोऱ्यात ओवलेला, एवढं केलं तरी पुरे.

त्या दिवसांत रात्री दव पडतं, आणि ओल्या सीलंटवर दव पडलं तर सकाळी टपावर ठिपके दिसतात. म्हणून दोन रात्रींसाठी इमारतीखालची एक जागा शेजाऱ्यांकडून मागून घेतली. सगळ्या कामात ही विनंती सगळ्यात मोलाची होती.

पहिला दिवस: उतरवणं

गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली धूळ उतरवली. मग दोन बादल्या: एकीत दहा लिटर पाण्यात २० मिली न्यूट्रल शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात पिळायचा, मगच परत शाम्पूत. खालचे दरवाजे आणि बंपर शेवटी, वेगळ्या मोज्याने. कपड्याची पावडर किंवा भांड्याचं लिक्विड नको. त्याने रबर आणि काळं प्लॅस्टिक कोरडं पडतं.

नंतर लोहकण काढणारं द्रव. ब्रेकच्या डिस्कमधून उडणारे बारीक लोखंडी कण रंगात रुतून गंजतात. हे द्रव त्यांना जांभळं करत विरघळवतं. वास सडक्या अंड्यासारखा, म्हणून हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. हॅचबॅकला साधारण २०० मिली. तीन-चार मिनिटं ठेवलं, वाळू न देता भरपूर पाण्याने काढलं. चाकांच्या मागे आणि मागच्या झाकणाच्या खालच्या भागात सगळ्यात जास्त जांभळे ओघळ आले.

बॉनेटवरचे पांढरे डाग क्षारांचे, म्हणून त्यांना सौम्य आम्ल. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं जे पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. घेताना लेबल वाचा, बॅटरीचं ॲसिड त्याच फळीवर असतं. मिश्रणात भिजवलेलं कापड डागावर दोन-तीन मिनिटं ठेवलं, उचललं, धुतलं. तीन हातांत दहांतले आठ डाग गेले. उरलेले क्लिअर कोटमध्ये उतरलेले होते; ते आम्लाने जात नाहीत. टॉयलेट क्लीनर वापरून ‘लगेच गेले’ असं सांगणारे भेटतात. त्याने डाग जातो, पण ॲल्युमिनियमची पट्टी आणि चाकाचं फिनिशही जातं.

क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी, फक्त आडव्या भागांवर आणि मागच्या झाकणावर. शंभर ग्रॅमच्या वडीचा तिसरा भाग तोडला, चपटा केला. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा शाम्पू घालून तो वंगण म्हणून भरपूर फवारायचा. दोन फूट बाय दोन फूट तुकडा घेऊन सरळ रेषेत, वजन न देता फिरवायचं. आवाज बंद झाला की तुकडा स्वच्छ. दर तुकड्याला वडी दुमडून नवा पृष्ठभाग काढायचा. वडी जमिनीवर पडली तर फेकून द्यायची. तिथे कंजूषपणा केला तर उरलेला दिवस ओरखडे मोजण्यात जातो.

पॉलिश मर्यादित ठेवलं. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं, रंगाला सौम्य), मऊ फोमचं पॅड, बारीक फिनिशिंग पॉलिश, वाटाण्याएवढे चार थेंब, दोन बाय दोन फुटांवर चार फेऱ्या. अशा हाताने एक ते दोन मायक्रॉनच जातात. जाळं साठ-सत्तर टक्के फिकं झालं, खोल रेषा राहिल्या, आणि त्या राहू दिल्या. टपावरच्या विष्ठेच्या दोन खुणांपैकी एक पुसली गेली. डावा रंगवलेला दरवाजा मऊ निघाला: त्याच पॅडने त्याच्यावर धुरकट झाक आली, तिथे जोर आणि वेग कमी करून परत फिरावं लागलं. बाहेर रंगवलेल्या भागाची परीक्षा नेहमी कोपऱ्यात आधी घ्यावी.

दुसरा दिवस: लावणं

पॉलिशचं तेल रंगावर राहिलं तर सीलंट त्यालाच चिकटतं, रंगाला नाही. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, भाग भाग घेऊन फवारलं आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने पुसलं. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली, नाहीतर तिथे सीलंट पांढरं वाळतं.

फोमच्या पॅडवर नाण्याएवढं सीलंट, एका वेळी एक भाग, आधी उभं मग आडवं. थर इतका पातळ की तिरकं पाहिल्यावरच दिसावा. संपूर्ण गाडीला एका हाताला ३० ते ४० मिली पुरतं. ‘जास्त लावू म्हणजे जास्त टिकेल’ इथेच बहुतेकांचं बिनसतं: रंगाला जेवढं धरायचं तेवढंच धरतं, वरचं सगळं पुसण्यात जातं आणि जाड थर वाळून ओढ येते, पट्टे राहतात. वीस-तीस मिनिटांनी बोट फिरवून पाहिलं. बोटाखाली स्वच्छ चमक आली, ओढ आली नाही, म्हणजे पुसायची वेळ. दोन कापडं, एक काढायला, एक चकाकीला. दुसरा हात दुसऱ्या दिवशी सकाळी, तशाच पद्धतीने. मधली रात्र कोरडी.

एकूण वेळ दोघांना मिळून पहिल्या दिवशी सहा तास, पुढे दोन हातांचे दोन-दोन तास. सीलंट, स्प्रे, क्ले, लोहकणांचं द्रव, कापडं मिळून साडेचार हजारांच्या आत, मशीन भाड्याचं.

मामांची बादली

खरा बदल इथे झाला, आणि तो बाटलीपेक्षा अवघड होता. रोजचं पुसणं थांबवायचं, पण मामांचे पैसे कापायचे नाहीत. ‘मामा, रोज नको. मंगळवार-शनिवार दोनच दिवस, पण अशा पद्धतीने, पैसे तेवढेच,’ असं मालकाने सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मग गाडी धुळीची दिसेल, लोक मला म्हणतील.’ रास्त आहे. सोसायटीत मामांची किंमत चकाकीवर ठरते. म्हणून अध्यक्षांच्या कानावर घालून ठेवलं.

पद्धत: दहा लिटर पाण्यात ४० मिली रिन्सलेस वॉशचं द्रव, जे नंतर पाण्याने धुऊन काढावं लागत नाही. आठ मायक्रोफायबर त्यात बुडवलेले. आधी पंपाने तेच पाणी भागावर फवारून दोन मिनिटं थांबायचं, मग एक कापड, चार घड्या, प्रत्येक घडी एकदाच, एका दिशेने. वापरलेलं कापड परत बादलीत जाणार नाही, ते वेगळ्या पिशवीत. शेवटी कोरडं कापड. या बादलीचं पाणी नळाचं. दहा लिटर कुणालाही परवडतं. पहिले दोन आठवडे वापरलेली कापडं परत बादलीतच सापडायची. मग वापरलेल्यांसाठी लाल आणि ताज्यांसाठी निळा रंग ठरवण्यापेक्षा सोपी गोष्ट केली: बादलीला झाकण, त्यावर पिशवी अडकवलेली. हात आपोआप पिशवीकडे जायला लागला.

कोरड्या धुळीवर कोंबडीच्या पिसांचा झाडू किंवा सुका फडका नाही. डिझेलचा फडका तर अजिबात नाही. तासभर चमकतं, मग सगळ्या रस्त्याची धूळ त्या तेलावर बसते.

डिकीत एक पिशवी ठेवली: तेच रिन्सलेस पाणी भरलेली दोनशे मिलीची फवाऱ्याची बाटली, तीन कापडं. विष्ठा दिसली की कापड भिजवून तिच्यावर पाच मिनिटं ठेवायचं आणि उचलायचं, घासायचं नाही. तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, वाळणारी विष्ठा त्याला धरते, संध्याकाळी पत्रा थंड होताना तो तिच्याच आकारात घट्ट होतो. शिवाय आम्लाचं काम वेगळं चालूच. म्हणून सकाळची विष्ठा दुपारी बारापर्यंत काढली तर पाणी पुरतं, संध्याकाळी पॉलिश लागतं.

पुढचे सात महिने

डिसेंबरच्या सुरुवातीला आडव्या भागांवर पहिला स्प्रे. धुऊन, ओल्याच गाडीवर भागाला दोन फवारे, लगेच कापडाने पसरवून कोरडं.

जानेवारीअखेर मालकाचा निरोप: टपावर पाणी सपाट बसतंय, सीलंट गेलं. आंब्याला मोहर होता. मोहरावरच्या तुडतुड्यांच्या अंगातून मधासारखा चिकटा पडतो, तो टपावर आणि पुढच्या काचेवर बारीक ठिपक्यांनी साचतो, नंतर त्यावर काळी बुरशी धरते. त्या चिकट्याखाली सीलंट झाकलं गेलं होतं. कोमट पाण्यातल्या शाम्पूने धुऊन एकदा सौम्य व्हिनेगर फिरवल्यावर पाणी पुन्हा पळायला लागलं. व्हिनेगरने वरचा स्प्रे उतरतो, म्हणून तो परत मारला. थर गेला की नुसता बुजला, हे धुतल्याशिवाय ठरवू नये. लोक इथेच न गेलेल्या थरावर नवा थर चढवतात आणि खालची घाण गाडतात. मोहर संपेपर्यंत टप आणि काच आठवड्यातून तीनदा, बाकी गाडी दोनदाच.

होळीचा गुलाल वाळलेला असताना पुसला नाही, पाण्याच्या धारेने उडवला. दारांच्या फटीत उरलेला रंग पुढच्या दोन धुण्यांत गेला.

मार्चमधला स्प्रे राहून गेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालक चार दिवस गावी, गाडी तिथेच. परत आल्यावर टपावर मधोमध रुपयाएवढी नवी खूण. हेअर ड्रायरने हलकं तापवल्यावर कडा किंचित सैल झाल्या, पण खूण राहिली. टपाचा आकडा आता १०७च्या आसपास होता आणि एका खुणेसाठी दोन-तीन मायक्रॉन देणं परवडणारं नव्हतं. ती तशीच ठेवली. तिरक्या उजेडात दिसते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिला वळीव यायच्या आधी, फेरतपासणी. शाम्पूने धुतल्यावरही टप आणि बॉनेटवर पाणी पसरून बसत होतं. तिथलं सीलंट खरोखर संपलं होतं. दरवाजांवर अजून थेंब धरत होते. डावा दरवाजा मात्र उरलेल्यांपेक्षा लवकर मंदावला. पॉलिश न करता फक्त आडव्या भागांवर क्ले, अल्कोहोल आणि सीलंटचे दोन हात. उभ्या भागांवर एकच. शेजाऱ्यांची जागा या वेळी एकाच रात्रीसाठी मिळाली, म्हणून पहिला हात पहाटे सहाला आणि दुसरा त्याच दिवशी संध्याकाळी लावून गाडी रात्रभर आत ठेवली. पावसाळ्यात स्प्रे दर महिन्याला, आणि पाऊस थांबून ऊन पडलं तर टपावर साचलेलं पाणी मामांनी नुसतं टिपून घ्यायचं, असं ठरलं. सिरॅमिकचा विषय मालकाने छपराखालची जागा मिळेपर्यंत पुढे ढकलला आहे. सोसायटीच्या यादीत त्यांचा नंबर तिसरा आहे.